हंगाम नसताना येशूने अंजिराच्या झाडाला शाप का दिला? (मार्क 11:12-25)

झाडाचा दोष नव्हताच. ‘तो अंजिरांचा हंगाम नव्हता’ हे मार्क (बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार लेखकांपैकी एक) स्वतःहून सांगतो. वाचकाने तिथे अडखळावं अशीच त्याची इच्छा असावी, असं मला वाटतं.

खरी किल्ली मांडणीत आहे. बेथानीहून यरुशलेमेला जाताना शाप, मग यरुशलेमेच्या मंदिरात सराफांचे (पैसे बदलून देणाऱ्यांचे) चौरंग उलथणं, आणि दुसऱ्या सकाळी तेच झाड मुळापासून वाळलेलं. एका प्रसंगाच्या पोटात दुसरा घालायची मार्कची पद्धतच आहे. याईराची मुलगी आणि रक्तस्रावाने पीडित स्त्री (अध्याय 5) तशाच गुंफल्या आहेत. म्हणजे दोन्ही प्रसंग एकमेकांच्या उजेडात वाचायचे: पानांनी डवरलेलं पण फळ नसलेलं झाड हे त्या मंदिराच्या कारभाराचं चित्र. मंदिरात येशू ‘लुटारूंची गुहा’ म्हणतो ते शब्द जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले (7:11), आणि पुढच्याच अध्यायात (8:13) फळाविना अंजीर आणि सुकलेलं पान येतं. त्यामुळे हा रागाचा झटका नसून संदेष्ट्याची प्रतीकात्मक कृती आहे, असं बरेच अभ्यासक मानतात.

मात्र यावरून ‘देवाने यहुदी लोकांना टाकलं’ असा अर्थ कृपया काढू नका. यिर्मयाप्रमाणेच येशूही आपल्याच लोकांमध्ये उभा राहून बोलत होता.