शाई, तक्ता आणि जांभळ्या भिंती

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इंटरनेटवर काहीतरी लिहावंसं वाटतं, पण ‘माझ्याकडे सांगण्यासारखं आहे तरी काय’, हे तू फिरून फिरून विचारलं आहेस. शाईच्या पेनांचा नाद फारच किरकोळ, नोकरीत अजून नवखी, आणि संग्रहालयांच्या वेबसाइटवर तासन्‌तास चित्रं बघतेस त्यावर बोलायचं ते जाणकारांनी, असं तुझं म्हणणं. मला ते अजिबात पटलेलं नाही. का पटलेलं नाही, ते जरा सविस्तर लिहितो.

तुझ्याच पत्रात मधेच एक वाक्य येऊन गेलंय. एकच शाई, एकच पेन. एका वहीत अक्षराच्या कडा फुटल्या, दुसऱ्या वहीत अक्षर रेखीव आलं पण इतका वेळ ओलं राहिलं की तळहाताला लागून फरफटलं. हे तू जाता जाता लिहिलंस आणि लगेच त्या शाईचं कौतुक करायला लागलीस. कौतुकाचं मला काही करता येत नाही. ते दोन वह्यांचं वाक्य मात्र मी जपून ठेवलं, कारण त्यात माहिती आहे. कागद तयार करताना त्याने ओल लगेच पिऊ नये म्हणून खळ देतात. खळ कमी असेल तर शाई तंतूंमधून पसरते आणि कडा फुटतात. खळ जास्त असेल तर शाई वरच थांबते, अक्षर छान दिसतं पण वाळायला वेळ लागतो. म्हणजे तुला ज्या दोन तक्रारी वाटल्या, त्यांचं मूळ एकच आहे. नवीन पेन घेतलेला कुणीतरी आज रात्री नेमकं हेच शोधत असेल आणि त्याला ‘ही शाई अप्रतिम आहे’ असं सांगणारेच भेटत असतील.

माझं सगळं सांगणं यातच आलं. मत नंतर दे, आधी जे दिसलं ते दे, आणि ते कुठल्या परिस्थितीत दिसलं तेही दे. निब बारीक होती की मध्यम, कागद किती ग्रॅमचा, लिहिल्यावर किती सेकंदांनी बोट फिरवून पाहिलंस, हवा दमट होती का. फोटो काढलास तर दिवसाच्या उजेडात काढ आणि शेजारी मोजपट्टी ठेव. मत तुझ्यापुरतं असतं. निरीक्षण मात्र दुसऱ्याला उचलून नेता येतं, पडताळता येतं, आणि त्यात स्वतःची भर घालता येते.

छंदाच्या गोष्टीत कुणाचं काय नुकसान होणार, असं समजू नकोस. चित्रं काढायच्या काही काळ्या शायांमध्ये लाख (राळेसारखा घट्ट होणारा पदार्थ) असते. ती फाउंटन पेनमध्ये भरली तर आत वाळून फीड, म्हणजे निबेपर्यंत शाई नेणारा भाग, कायमचं तुंबू शकतं. कुणीतरी ‘गडद काळा रंग हवा असेल तर ही भरा’ असं सहज लिहून जातं आणि वाचणाऱ्याचं आवडतं पेन निकामी होतं. म्हणून जे स्वतः करून पाहिलेलं नाहीस, ते करून पाहिल्यासारखं लिहू नकोस. ऐकीव असेल तर ऐकीव आहे असं लिही. त्याने तुझी किंमत कमी होत नाही. वाचणाऱ्याला कुठे जपून पाऊल टाकायचं ते कळतं.

आता नोकरीचं. तू लिहिलं आहेस की ग्राहकांच्या यादीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाइल) एक्सेल या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि कोडच्या सुरुवातीची शून्यं गायब झाली. सोळा अंकी क्रमांक होते त्यांचा शेवटचा अंक शून्य झाला. कारण शोधण्यात तुझी अख्खी दुपार गेली. आणि पुढे म्हणतेस, ‘हे तर सगळ्यांना माहीत असेल.’ नसतं गं. एक्सेल एखादी नोंद आकडा आहे असं समजलं की सुरुवातीची शून्यं टाकून देतं, आणि आकडा पंधरा अंकांपर्यंतच अचूक धरतं; सोळाव्या जागी शून्य येतं. ज्याला हे ठाऊक आहे त्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगावंसं वाटत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला शोधायचं काय हेच कळत नाही. या दोघांच्या मधे आज तू उभी आहेस. कुठे अडलं, आधी कशावर संशय घेतला, कोणता उपाय चालला नाही, हे तुला अजून आठवतंय. वर्षभराने आठवणार नाही. माझ्यासारख्या जुन्या माणसाला नवख्याची अडचण कल्पनेने उभी करावी लागते आणि ती बहुतेक वेळा चुकीची उभी राहते.

ही चूक किती लांब जाते ते सांगतो. जनुकांना छोटी नावं असतात. त्यांतल्या काही नावांचं रूप ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ असं होतं. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. २०१६ साली संशोधकांनी छापून आलेल्या जनुकशास्त्रीय निबंधांसोबतच्या एक्सेल फाइली तपासल्या. जनुकांच्या याद्या असलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात अशी बिघडलेली नावं सापडली. शेवटी २०२० साली मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. मोठमोठ्या प्रयोगशाळांमधल्या माणसांच्या नजरेतून जे सुटत होतं, ते तुला किरकोळ वाटतंय!

यातच पुढची गोष्ट आहे. २०२३ मध्ये एक्सेलमध्ये हे आपोआप होणारे बदल थांबवायची सोय आली. म्हणजे त्याआधी कुणी ‘याला इलाज नाही, फाइल टेक्स्ट म्हणूनच आत घ्या’ असं लिहिलं असेल तर ते त्या दिवशी खरं होतं, आज अर्धंच खरं आहे. त्या लेखावर तारीख आणि आवृत्ती असेल तर वाचणारा हिशेब लावू शकतो. नसेल तर तो जुन्या सल्ल्यावर विसंबून बसतो. कामाचा प्रत्येक सल्ला लिहिताना तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती, संगणक कोणता, हे पहिल्या दोन ओळींतच टाक. पुढे काही बदललं तर जुनं खोडू नकोस; खाली तारीख घालून दुरुस्ती लिही. कुणी चूक दाखवली असेल तर त्याची परवानगी घेऊन त्याचं नावही लिही.

आणि ऑफिसची फाइल कधीही बाहेर दाखवू नकोस. नावं धूसर केलेला स्क्रीनशॉटसुद्धा नको. कोपऱ्यात, वरच्या पट्टीत, दुसऱ्या टॅबच्या नावात काहीतरी राहूनच जातं. दहा ओळींची खोटी यादी बनव, त्यात तीच अडचण निर्माण करून दाखव. वाचणाऱ्याचाही फायदा होतो, कारण तुमच्या कंपनीचा पसारा बाजूला होऊन फक्त अडचण उरते. साहेबाबद्दल, सहकाऱ्यांबद्दल काही लिहायचं नाही, हे तुला वेगळं सांगायला नकोच.

संग्रहालयांविषयी मात्र मला अंमळ जास्त बोलायचंय, कारण तिथे तू सगळ्यात जास्त बिचकतेस.

डच चित्रकार व्हॅन गॉगची पत्रं तू वाचतेस म्हणालीस. त्याने लिहिलेली ८१९ पत्रं आज उपलब्ध आहेत आणि ती सगळी इंटरनेटवर टिपांसकट वाचता येतात. ऑक्टोबर १८८८ मधलं, आपल्या झोपायच्या खोलीच्या चित्राविषयी भावाला लिहिलेलं पत्र काढ. त्यात तो चित्र कसं झालंय ते थोडक्यात सांगतो आणि मग सरळ रंगांची यादी देतो: भिंती फिकट जांभळ्या, जमीन लाल फरश्यांची, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या, पलंगपोस लालभडक, खिडकी हिरवी. आता ते चित्र समोर उघड. भिंती निळ्या दिसतात. जांभळ्यात मिसळलेला लाल रंग काळाच्या ओघात उडून गेला आणि निळा तेवढा राहिला. अभ्यासकांनी रंगद्रव्यं तपासून हे सिद्ध केलं, पण जांभळ्या भिंतींचा लेखी पुरावा त्या पत्रात आधीपासून होता. भावाला पाठवलेल्या साध्या घरगुती पत्रात त्याने समोर दिसणारा रंग नाव घेऊन लिहून ठेवला. ‘खोली फार सुंदर झाली आहे’ एवढंच लिहिलं असतं तर आज त्याचा काय उपयोग होता?

तेव्हा चित्राबद्दल लिहायला तुला कलेच्या इतिहासाची पदवी लागत नाही. तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नकोस, एवढं पाहा: तुझ्या डोळ्यांना काय दिसलं, संग्रहालयाने माहितीत काय लिहिलंय, आणि त्यावरून तुला काय वाटतं. जाणकार वाचक तिसऱ्या गोष्टीवर तुझ्याशी वाद घालतील, घालू देत. पहिल्या दोन पक्क्या असल्या की तो वाद सगळ्यांच्या कामाचा होतो. पडद्यावरचा रंग मूळ रंग नसतो, हेही विसरू नकोस.

पेन आणि चित्रं या दोन वेगळ्या आवडी आहेत असं तू धरून चालली आहेस. मला त्या एकच दिसतात. युरोपातली असंख्य जुनी हस्तलिखितं ज्या शाईने लिहिली गेली ती ‘आयर्न गॉल’ शाई: हिराकस आणि ओकच्या झाडावरच्या गाठींमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य. लिहिताना फिकी उमटते, हवा लागली की काळी होते, आणि जुन्या कृतीने केलेली असेल तर काळाने कागदच खाऊन टाकते. याच जातीची, सौम्य केलेली शाई आजही पेनात भरायला मिळते. एक बाटली आण, एक ओळ लिही, लगेच एक फोटो, तासाभराने एक, आठवड्याने एक. आणि त्यासोबत कुठल्यातरी संग्रहालयातलं त्या शाईने अक्षरशः भोकं पडलेलं एखादं पान दाखव. हे लिहायला तुझ्याइतकं योग्य कोण?

दुसऱ्याचं चित्र वापरताना त्या वस्तूचा संग्रहालयातला नोंदणी क्रमांक आणि पानाचा दुवा दे, आणि परवाना वाच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त कलाकृतींची लाखो छायाचित्रं कुणालाही कशीही वापरायला खुली केली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने २०२० मध्ये सुमारे २८ लाख प्रतिमा अशाच दिल्या. सगळीकडे असं नसतं. चित्र जुनं आहे म्हणून त्याचा फोटो आपलाच, असं गृहीत धरू नये.

लिहिलेलं टिकवायचं कसं, याचा विचार पहिल्या दिवसापासून कर. जिओसिटीज नावाच्या वेबसाइटवर लाखो हौशी माणसांनी आपापल्या छंदांची पानं मांडली होती; २००९ मध्ये मालक कंपनीने ते बंद केलं. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढं वाचवलं म्हणून त्यातलं थोडं आज दिसतं. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं नाहीशी झालेली आढळली. म्हणून मूळ मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये स्वतःकडे ठेव, फोटो तारखेच्या नावाने साठव, आणि महत्त्वाचं पान असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटमध्ये त्याची प्रत जमा कर. फुकट आहे, मिनिटभराचं काम.

घरी काढलेले फोटो टाकण्याआधी त्यांतली जागेची नोंद काढून टाक. फोन प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश लिहून ठेवू शकतो. काही ॲप ते काढतात, काही काढत नाहीत. एखाद्या कंपनीने शाई किंवा पेन फुकट पाठवलं तर ते पहिल्या ओळीत सांग, शेवटी बारीक अक्षरांत नको. नाव टोपण ठेवलंस तरी हरकत नाही, पण एकच ठेव.

कुणी काही बोललंच नाही तर मन मोडेल, असं लिहिलं आहेस. वेबसाइट माणसं कशा वापरतात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ ठोकताळा मांडला होता: शंभरातली नव्वद माणसं नुसती वाचतात, नऊ कधीमधी बोलतात, एखादाच नियमित लिहितो. आकडा जागेप्रमाणे बदलतो, पण नुसते वाचणारेच फार असतात, हे मी स्वतः पाहिलंय. शून्यं वाचवण्याची तुझी युक्ती वापरून ज्याचं काम झालं तो आभार मानायला थांबत नाही, पुढच्या कामाला लागतो. त्याचं काम झालं, हे तू धरून चालावंस.

सुरुवात कशाने करू विचारलंस तर त्या शून्यांनीच कर. शाईच्या प्रयोगाला आठवडा लागेल, चित्रांवर लिहायला आणखी वाचावंसं वाटेल. तक्त्याचं सगळं तुझ्या हातात तयार आहे आणि डोक्यात ताजं आहे. दहा ओळींची नमुन्याची फाइल बनवलीस की मला पाठव. माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीत उघडून बघतो, आणि काय दिसलं ते जसंच्या तसं कळवतो.

तुझा,
काका