एप्रिल-मेच्या उन्हात जिनसेंगची लहान रोपं कशी जगवायची?

तुमचा प्रश्न असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळ घरामागं काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांत जिनसेंगची (थंड प्रदेशातली, औषधी मुळाची वनस्पती) तीसेक रोपं आहेत, फेब्रुवारीत उगवलेली. आता पानांच्या कडा करपायला लागल्यात आणि दिवसातून दोनदा पाणी घालूनही काही रोपं आडवी पडतायत.

ते दोनदा पाणी आजपासून बंद करा. आडवी पडलेली रोपं उन्हानं गेली असतील असं मला वाटत नाही. देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक, तपकिरी झाला असेल तर ती बुरशीची मर आहे, आणि ती सतत ओल्या मातीत फोफावते. अशी रोपं भोवतीच्या मुठभर मातीसकट काढून लांब टाका. त्या जागी लगेच दुसरं काही लावू नका.

एक खात्री मात्र करून घ्या. आपल्याकडं जिनसेंग म्हणून काहीही विकतात. जाडजूड मुळं मातीबाहेर दिसणारं बोन्साय असेल तर तो फायकस, वडाच्या कुळातला. ‘भारतीय जिनसेंग’ असं लिहिलेलं असेल तर ती अश्वगंधा. खऱ्या जिनसेंगचं पहिल्या वर्षाचं रोप म्हणजे बोटभर उंचीचा एकच देठ आणि त्याच्या टोकाला तीन पानं, स्ट्रॉबेरीच्या पानासारखी दातेरी. पुढचं सगळं याच रोपासाठी आहे. अश्वगंधेला यातलं काही लागत नाही, ती अथणीच्या उन्हातही मजेत वाढते.

जिनसेंगची खोड अशी की ते वर्षातून एकदाच पानं काढतं. हीच तीन पानं गेली की त्या साली दुसरी फुटत नाहीत. त्यामुळं ती जितके दिवस टिकतील तितकं मूळ भरतं. पण कडा थोड्या करपल्या म्हणून घाबरू नका, खरा जीव मातीखाली आहे. आणि तुमच्याकडं मूळ धोक्यात आहे ते कुंडीमुळं. हवा ३६-३७ अंश असताना उन्हातल्या काळ्या कुंडीतली माती चाळिशी ओलांडते. मुळाजवळ ती पंचविशीच्या आसपास राहायला हवी.

यावर उपाय तुमच्या गावातच आहे. खानापूरच्या कुंभारांकडून झिलई नसलेल्या मातीच्या कुंड्या घ्या, एक मोठी आणि एक तिच्यात सगळीकडून दोन बोटं जागा सोडून बसेल अशी. दोन्हींच्या तळाला भोक हवं. मधल्या फटीत जाड वाळू भरा आणि रोज संध्याकाळी पाणी त्या वाळूत घाला. बाहेरच्या भिंतीतून पाणी उडत राहतं आणि आतली माती माठातल्या पाण्यासारखी गार राहते. आतल्या कुंडीलाही भिंतीतून ओल मिळते, म्हणून रोपाला वरून फार पाणी लागत नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो, तेव्हा वाळूत पाणी घालणं थांबवा. रोप हलवताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. संध्याकाळी हलवा.

सावली सुमारे ७५ ते ८० टक्के लागते. ५० टक्क्यांची जाळी एकावर एक दुहेरी लावली तर उजेड पाव उरतो, म्हणजे हिशेब जुळतो. दोन जाळ्यांत हातभर अंतर ठेवा, नाहीतर वरची तापलेली जाळी खालचीलाही तापवते. छप्पर डोक्याच्या वर हवं, म्हणजे गरम हवा निघून जाते. कोरियात वाफ्यांवर एका बाजूला उतरतं छप्पर घालतात, उंच बाजू उत्तरेला. तसंच करा आणि पश्चिमेला गोणपाट टांगा. दुपारी दोनच्या सुमाराला तो ओला केला की झळ अडते. पानांवर मात्र फवारे मारू नका, ओल्या पानांवर करपा पसरतो.

पाणी सकाळी, झारीनं, बुडाशी. आधी तीन सेंटिमीटर खालची माती चिमटीत घेऊन दाबा. गोळा झाला आणि बोटाच्या धक्क्यानं फुटला तर त्या दिवशी पाणी नको. गोळाच होत नसेल तर द्या. माती ओली असून पान मलूल असेल तर मूळ कुजतंय, पाणी अजिबात घालू नका. नळी उन्हात पडलेली असेल तर सुरुवातीचं कढत पाणी बाहेर सोडा. कुंडीवर पांढरा थर दिसत असेल तर बोअरचं पाणी जड आहे. कडा करपण्याला तेही कारण असतं, शक्य असेल तर आडाचं वापरा.

मातीची काळजी तुम्हाला कमी. खानापूरची तांबडी माती आम्लधर्मी, जिनसेंगला तीच मानवते. दोन भाग ती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग जाड वाळू. चिकोडीकडची काळी माती इथं नको, पाणी धरून बसते. ताजं शेणखत आणि युरिया तर नकोच. वर भाताच्या पेंढ्याचं तीनेक सेंटिमीटर आच्छादन, देठापासून बोटभर लांब. वळीव पडला की त्याखाली गोगलगायी जमतात, रात्री बॅटरी घेऊन वेचा.

जून-जुलैत पान सगळीकडून एकसारखं पिवळं होऊन गळून पडेल. रोप मेलं म्हणून कुंडी रिकामी करू नका, इथंच बरेचजण चुकतात. देठाच्या जागची माती बोटानं अलगद बाजूला करा: मूळ पांढरं, टणक आणि डोक्यावर मोहरीएवढा कोंब असेल तर ते झोपलंय. मऊ आणि कुबट वास येत असेल तर गेलं. तुमच्याकडच्या पावसात कुंड्या छपराखालीच हव्यात.

आणि आपली थंडी त्याला पुरत नाही. पुन्हा फुटायला सुमारे शंभर दिवस सलग गारवा लागतो. ऑक्टोबरात मुळं काढा, जेमतेम ओलसर वाळूत, भोकं पाडलेल्या पिशवीत फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, २ ते ५ अंशांवर. शेजारी सफरचंद, केळी नकोत. जानेवारीच्या शेवटी कोंब वर ठेवून पुन्हा लावा, म्हणजे उन्हाळ्याआधी पानांना दोन महिने मिळतात.

पैशाचं विचाराल तर मूळ विकण्याजोगं व्हायला चार ते सहा वर्षं जातात, आणि दरवर्षी ही फ्रिजची कसरत. तीस कुंड्यांवरच थांबा, गुंठा लावू नका.