ताप नव्हता, भीती होती

“ताई, देवाला आवडेल तेच करावं हे कळतंय की वो. पण चार माणसं तोंड फिरवतील म्हटलं की पोटात गोळा येतो.” निमित्त लग्नाच्या खर्चाचं असो नाहीतर चर्चच्या मंडळीतल्या कुरबुरींचं, हे गाऱ्हाणं माझ्याकडे येतच असतं. त्यातलीच ही एक हकिकत. परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले हे गृहस्थ पतसंस्थेत क्लार्क, चर्चच्या कमिटीवर. घरात मराठी, बायको गोकाककडची, कानडी. रविवारी आधी मराठी उपासना, मग कानडी. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या पास्टरांनी, सुचवलं, यंदा हार्वेस्ट, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण, एकत्र करूया: एक उपासना, एक लिलाव, एक जेवण. यांनी पाळकांना होकार दिला. सासुरवाडीत “होय की, छानच” म्हणाले. थोरला भाऊ “मराठी गाणी बुडवायला निघालेत” म्हणाला, तिथंही मान डोलावली. आणि मीटिंगच्या दिवशी ताप आल्याचं कळवून घरी बसले. पुढच्या रविवारी चहाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी आपापलं ऐकलेलं एकमेकांना सांगितलं, आणि सगळं उघडं पडलं.

माझ्याकडे आले तेव्हा मध्यरात्री जाग येत होती, छातीत जळजळ होत होती. आधी डॉक्टरांकडे पाठवलं. प्रार्थना करावीच, पण बीपीही मोजून घ्यावं.

त्यांची भीती उगाचची होती असं मी म्हणणार नाही. 1956 साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि 1 नोव्हेंबरला एका गल्लीत राज्योत्सव तर दुसऱ्या गल्लीत काळा दिवस, हे आपण सगळेच बघत मोठे झालो. इथं भाषेवरून भावाभावांत बोलणं बंद होतं. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट किरकोळ वाटेल, इथल्याला नाही.

त्यांना मी एक काम दिलं. आठवडाभर ज्याला ज्याला ‘हो’ म्हणाल ते लिहायचं, आणि म्हणताना कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर होता तेही. पतसंस्थेच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर त्यांनी बारीक अक्षरात लिहून आणलं. भाऊ, पाळक, सासरे, मॅनेजर, परत भाऊ. वाचता वाचता स्वतःच थांबले. “यात देव कुठंच नाही वो.” मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं वडिलांचा विषय निघाला. वडील शाळामास्तर, पोराचं कौतुक करायचे ते फक्त पाहुणे आले की. तेव्हापासून शाबासकीला प्रेक्षक लागतात, हे मनात पक्कं बसलेलं. ‘हो’ म्हटलं की तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, आणि त्या हलकेपणाची चटक लागते. मग पुढचं ‘नाही’ आणखी जड जातं.

मग आम्ही बायबलमधल्या, पौलानं लिहिलेल्या गलतीकरांस पत्रातला दुसरा अध्याय उघडला. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची यहुदी माणसं आली, तसा तो त्यांना भिऊन पंगतीतून मागं सरला, आणि पौलाचा सोबती बर्णबाही त्याच्यामागं वाहवला. पौलानं त्याला तोंडावर सुनावलं. हाच पेत्र यरुशलेमेत धर्मसभेपुढं उभं राहून म्हणाला होता की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ते ठाऊक असलेला माणूसही ताटावरून उठतो. क्लार्कसाहेब बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. त्यांना धीर आला असावा, थोडी लाजही वाटली असावी.

पुढच्या भेटीत मात्र ते वेगळ्याच आवेशात आले. “आता कुणाचंच ऐकणार नाही. मी फक्त देवाला बांधलेला.” मंडळ्यांमध्ये हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय, आणि बहुतेक वेळा त्यामागं उद्धटपणाच असतो. रोमकरांस पत्रात पौलच सांगतो की शेजाऱ्याला त्याच्या हितासाठी संतुष्ट करावं. तेव्हा भावाला वाईट वाटणं वेगळं आणि भावाचं वाईट करणं वेगळं, यावर आमची दोन-तीनदा चर्चा झाली. शिवाय कुणाला कळणार नसेल असं एखादं चांगलं काम करून बघा, असंही सुचवलं. मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं गुप्त दान त्यासाठीच आहे. काय केलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

नंतरच्या मीटिंगमध्ये ते बोलले. “हार्वेस्ट एकत्र व्हावा असं मला वाटतं. मराठी गाणी कमी होऊ नयेत, हेही वाटतं. त्या दिवशी मला ताप नव्हता. भ्यालो होतो.” कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हार्वेस्ट एकत्र झाला, दोन्ही भाषांतली गाणी झाली. थोरला भाऊ आला नाही, आणि अजून नीट बोलत नाही. हे मात्र दर रविवारी उपासनेनंतर त्याच्या घरी जाऊन पाच मिनिटं बसून येतात.

मीटिंग संपल्या संपल्या त्यांचा मला फोन आला होता. “ताई, बरोबर केलं ना मी?” मी म्हटलं, याचं उत्तर मी देणार नाही. भावाच्या जागी आता मला बसवायचं चाललंय. पलीकडे आधी शांतता, मग हसू. आता मीटिंग झाली की दोन दिवस मला फोन करायचा नाही, असं ठरलंय.