गरोदरपणात सारखं टेन्शन असेल तर बाळाला दमा, ॲलर्जी होते का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सातवा महिना चालू आहे, झोप लागत नाही, सारखं रडू येतं आणि सासूबाई म्हणतात, "अशी रडत राहिलीस तर लेकराला दमा लागंल." मिस्टरांना लहानपणी बाळदमा होता, हेही लिहिलंय.

मी बीड जिल्ह्यात लेकरांच्या वॉर्डात नर्स होते. सासूबाईंचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. २०१६ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा गरोदरपणी आईवर मानसिक ताण असेल तर लेकराला दमा किंवा छातीत घरघर होण्याची शक्यता साधारण दीडपट निघाली. दीडपट म्हटलं की काळजात धस्स होतं. पण हिशेब करा: समजा एरवी १०० लेकरांत ८ जणांना दमा होतो, तर ताण असलेल्या आयांच्या १०० लेकरांत १२ जणांना होईल. ८८ जणांना नाहीच. शिवाय जिथं ताण असतो तिथं पुष्कळदा धूर, बिडी, पैशाची ओढाताणही असते. नेमकं कशामुळं झालं हे वेगळं काढणं अवघड. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बाळाची वार (प्लासेंटा) बरंचसं अडवते, पण सगळं नाही, आणि त्याचा बाळाच्या घडत्या प्रतिकारशक्तीवर परिणाम होत असावा, असा अंदाज आहे.

मिस्टरांच्या बाळदम्याचं वजन यात मोठं. आईबापांपैकी एकाला दमा असला की लेकराला होण्याची शक्यता वाढतेच. ते मात्र त्यांना कुणी ऐकवत नाही!

आता तुमच्या हातातलं. सिलिंडर संपलं की आपल्याकडं पऱ्हाट्या, तुराट्या चुलीत जातात. त्या धुरापुढं आत्ता बसू नका. घरात बिडी-सिगारेट नको. आणि बाळंतपणानंतर दारं-खिडक्या लावून बाजेखाली शेगडी, त्यात गोवऱ्या, वरून ओवा-वावडिंगाची धुरी, हे तर अजिबात नको. चार दिवसांच्या लेकराची फुप्फुसं ती! शेक हवाच असेल तर आईला गरम पाण्याच्या पिशवीनं द्या. ॲलर्जीच्या भीतीनं शेंगदाणे, दूध, अंडी सोडू नका. तुम्हाला स्वतःला ती सोसत असतील तर सोडून लेकराला काही फायदा नाही.

रडण्याचं म्हणाल, तर दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, कशात मन लागत नाही, हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. ते लेकराच्या दम्यासाठी नाही, तुमच्यासाठी घ्यायचे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथं रक्तदाबासारखंच हेही सांगा. न विचारता सांगा, कारण गर्दीत कुणी विचारेलच असं नाही. टेलीमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. जीव द्यावासा वाटला तर ९ तारखेची वाट पाहू नका, घरच्या कुणाला तरी सांगून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आधीपासून मनाच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि तपासणीला जाताना सासूबाईंना सोबत न्या. शेगडीचं तुम्ही सांगितलं तर भांडण होईल, डॉक्टरांच्या तोंडून ऐकतील.