बेसबॉलमधल्या आरबीआयचे आकडे दोन याद्यांत वेगळे का दिसतात?

बेसबॉलच्या एका यादीत जुना खेळाडू बेब रूथच्या नावावर 2,214 आरबीआय (रन्स बॅटेड इन) आहेत, दुसरीत तो दोन हजारांच्याही खाली आहे. यातलं खरं कोणतं आणि आरबीआय म्हणजे क्रिकेटमधल्या धावाच का, असं तुम्ही विचारलंय. आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

धाव लागते तिन्ही बेस (धावताना गाठायचे टप्पे) पार करून होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा, गाठणाऱ्याच्या नावावर. आरबीआय मिळतो तो ज्याच्या बॅटिंगमुळे ती धाव आली त्याला. दोन बाद व्हायच्या आत बॅटरने आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात, उंच फटका मारला, तो झेलबाद झाला, पण तिसऱ्या बेसवरचा गडी धावत होम प्लेटवर पोचला, तरी बॅटरला आरबीआय मिळतो. तिन्ही बेस भरलेले असताना नुसता वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला तरीही मिळतो. जमिनीवरच्या फटक्यावर डबल प्ले झाला, म्हणजे एकदम दोघं बाद झाले, तर धाव येऊनही मिळत नाही.

आता रूथ. मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, आरबीआयची अधिकृत नोंद 1920 पासून सुरू केली आणि रूथ तर 1914 पासून खेळत होता. आधीच्या मोसमांचे आकडे अभ्यासकांनी नंतर जुळवले. काही याद्या ते धरतात, काही धरत नाहीत. म्हणूनच मे 2019 मध्ये अल्बर्ट पुहोल्सने दोन हजारांचा टप्पा गाठला, तेव्हा अधिकृत हिशोबात तो हँक एरन आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझनंतर तिसराच ठरला; रूथ त्यात धरलेला नव्हता. माझ्या मते रूथला 2,214 च द्यायला हवेत. धावा तर आल्याच होत्या ना!

नोंद सुरू झाल्यावरही चुका झाल्याच. शिकागो कब्ज संघाच्या हॅक विल्सनचा 1930 चा एका मोसमातल्या आरबीआयचा विक्रम कित्येक वर्षं 190 असा छापला जायचा. त्या जुलैतल्या सिनसिनाटीविरुद्धच्या एका सामन्यात त्याचा एक आरबीआय त्याच्याच संघातल्या चार्ली ग्रिमच्या नावावर गेला होता. 1999 मध्ये ती नोंद दुरुस्त झाली आणि विक्रम 191 झाला. तो आजही अबाधित आहे.

पण 191 कडे बघताना विल्सनच्या आधी बॅटिंगला कोण यायचं तेही बघा. वुडी इंग्लिश आणि काइकाय काइलर! दोघांनीही त्या मोसमात दीडशेहून जास्त धावा केल्या, म्हणजे विल्सन आला की बेसवर कुणीतरी असायचंच. उलट बाजूने 1990 चा जो कार्टर घ्या. बॅटिंगची सरासरी अवघी .232 (म्हणजे हजार प्रयत्नांत 232 यशस्वी फटके), तरी 115 आरबीआय, कारण त्याच्या आधी बॅटिंगला रॉबर्टो अ‍ॅलोमार आणि टोनी ग्विन यायचे. नुसत्या आरबीआयवरून बॅटर जोखू नये असं मी म्हणतो ते यासाठीच.

कारकिर्दीच्या आकड्याचं मात्र वेगळं आहे, कारण तिथे वर्षानुवर्षं टिकावं लागतं. एरनचा सगळ्यात मोठा मोसम 1957 चा, आणि त्यातही 132 च. दीडशे त्याला कधीच जमले नाहीत. तरी 1954 ते 1976 खेळून त्याने 2,297 केले, आणि पुहोल्स 2,218 वर थांबला.