वर्गमूळ काढून टाकलंस, पण ताळा?

काल तू वही दाखवलीस. वर्ग करण्यात चूक नव्हती, तरी उत्तर अर्धं चुकलं. हेच उदाहरण बघ की:

√(क्ष + ७) = क्ष − ५

वर्ग केला की क्ष² − ११क्ष + १८ = ०, म्हणजे क्ष = ९ किंवा २. तू दोन्ही लिहिलेस. आता ताळा घे, म्हणजे मूळ समीकरणात २ घाल. डावीकडे √९ म्हणजे ३, उजवीकडे −३. जमलं नाही! ९ घातले तर दोन्हीकडे ४. उकल एकच.

असं का होतं? ३ चा वर्ग ९, −३ चाही ९. वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं आणि नको ती उकल आत शिरते. √ या चिन्हाची किंमत मात्र कधीच ऋण नसते. म्हणून ताळा मूळ ओळीतच घ्यायचा, वर्ग केलेल्या ओळीत नाही. तिथे २ सुद्धा गुपचूप पास होतो. दहावीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत, सोलापूरच्या त्या भाजून काढणाऱ्या दुपारी, मी पत्र्याखाली बसून पानभर गणितं सोडवली आणि ताळा एकाचाही घेतला नाही. निम्मी चुकली.

दोन वर्गमुळं असली तर आधी एक एकटं पाड. √(क्ष + ५) + √क्ष = ५ मध्ये √क्ष पलीकडे ने, मग वर्ग कर: क्ष + ५ = २५ − १०√क्ष + क्ष, म्हणजे १०√क्ष = २०, क्ष = ४. तसाच वर्ग केलास तर मधलं पद, २√(क्ष + ५)√क्ष, गळ्यात पडतं. आणि ते पद विसरणारी मुलं तर खूप असतात.

उद्या सात रस्ता चौकाकडे येशील तेव्हा √(२क्ष + ३) = क्ष सोडवून आण. ताळ्यासकट.