नवा ग्राइंडर घेतलास? आधी एवढं बघ

मित्रा, चार इंची अँगल ग्राइंडर (फिरत्या चकतीने धातू कापायचं-घासायचं मशीन) घेतलास, छान केलंस! हात हळूहळू बसेल. पण कितीही अडचण झाली तरी गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) काढू नकोस. चकती मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेते. फुटली की तुकडा थेट तोंडावर येतो. माझ्या गॉगलवर असा एक ओरखडा आहे, बरोबर डाव्या बुबुळासमोर.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- लाकूड कापायला दातेरी ब्लेड लावणं. ते अडकलं की मशीन उसळून अंगावर येतं. हे अजिबात नको.
- प्लग न काढता चकती बदलणं.
- कटिंगच्या चकतीच्या सपाट बाजूने घासणं.
- सैल बाह्या.

चकतीवर छापलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको. आधी भंगारातली पट्टी शिकंज्यात आवळ, मशीन दोन्ही हातांनी धर आणि सराव कर. पॉलिशिंगचं नंतर सांगतो.